चार सेकंदांचं पाणी

कुमुदिनी सांगळे यांनी नाशिकच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक म्हणून सव्वीस वर्षं काढली. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या आणि नववीच्या पोरांनी लिटमस पेपर चाटून बघू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं. निवृत्त झाल्यावर हातातली परीक्षानळी सुटली, तशी त्यांना करमेना. म्हणून एका ओळखीच्या बाईंनी 'नीलोदक'चं काम सुचवलं, तेव्हा त्यांनी ते अगदी आनंदाने घेतलं.

नीलोदक म्हणजे पाण्याचं यंत्र. स्वयंपाकघरातल्या नळाला ते जोडायचं. बटण दाबलं की आत वीज खेळे आणि पाणी अल्कधर्मी होऊन बाहेर येई. कुमुदमावशी घरोघरी जाऊन त्याचं प्रात्यक्षिक दाखवत. ओट्यावर दोन काचेचे पेले मांडायचे, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात नीलोदक. दोन्हींत दर्शकाचे, म्हणजे आम्ल-अल्क पाहून रंग बदलणाऱ्या द्रावाचे, तीन-तीन थेंब टाकायचे. नळाचं पाणी हिरवट होई आणि नीलोदक गर्द जांभळं. बायका "अगंबाई!" म्हणत आणि मावशींचा चेहरा नोकरीच्या पहिल्या दिवसासारखा उजळे.

"सामू आठवतो का शाळेतला, पीएच?" त्या विचारत. "सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क. हे पाणी साडेनऊ. आपण दिवसभर खातो काय? चहा, लोणचं, तळण. सगळं अंग आंबवणारं. तो आंबटपणा हे पाणी धुऊन काढतं."

ही पाठ केलेली जाहिरात नव्हती, मावशींची श्रद्धा होती. पाच वर्षं त्या स्वतः दुसरं पाणी प्यायल्या नव्हत्या. आणि त्यांच्या घरी राहणारी त्यांची भाची, अश्लेषा, तीही नाही.

अश्लेषा मावशींच्या सर्वांत धाकट्या बहिणीची मुलगी. गाव सिन्नरच्या पलीकडचं. तिथे विहिरीत पोहायला पाणी नव्हतं, मग होडी कुठली चालणार? पण अकरावीत नाशिकला आली आणि मैत्रिणीबरोबर गंगापूर धरणावरचा बोट क्लब बघायला म्हणून गेली, ती वल्ही हातात घेऊनच परतली. आता ती एकवीस वर्षांची होती आणि एकटीने वल्हवायच्या लांबट, निमुळत्या होडीत राज्यात तिसरी-चौथी येत होती. दोन हजार मीटरची ती शर्यत. राष्ट्रीय शिबिरासाठी दोघींची निवड व्हायची. पहिल्या दोघींत आणि अश्लेषात अंतर होतं ते जेमतेम तीन-चार सेकंदांचं.

ही गोष्ट २०३८ सालची. त्याच्या आदल्या वर्षी बाजारात ती टिकली आली होती.

कंपनीने तिला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण लोकांनी तिचं नाव टिकलीच ठेवलं. रुपयाच्या नाण्याएवढी गोल पट्टी दंडाला चिकटवायची. तिच्या पोटाशी केसाहून बारीक शंभर सुया. त्या टोचल्याचं कळतसुद्धा नाही. त्वचेखालच्या द्रवातून त्या क्षणोक्षणी मोजमाप घेत आणि हिशोब करून रक्ताचा सामू किती, त्यातला बायकार्बोनेट नावाचा आम्लशोषक क्षार किती, हे सगळं फोनवर दाखवत. पूर्वी जे कळायला मनगटाची धमनी टोचून रक्त काढावं लागे, ते आता भाजी चिरता चिरता दिसू लागलं. आधी मधुमेहाच्या रोग्यांनी ती लावली, मग खेळाडूंनी, मग हौसेने सगळ्यांनीच.

एका प्रात्यक्षिकात एक तरुण सून सहज म्हणाली, "मावशी, हे पाणी प्यायल्यावर टिकलीत फरक दिसत असेल ना?"

प्रश्न साधाच होता. पण मावशींना आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही, याचंच नवल वाटलं. इतकी वर्षं त्या पेल्यातलं पाणी जांभळं करून दाखवत होत्या. आता थेट माणसाच्या रक्तातच दाखवता येणार होतं.

दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टर शिरीन इनामदार यांच्याकडे गेल्या. शिरीन बोट क्लबजवळच्या प्रयोगशाळेत खेळाडूंच्या शरीराचा अभ्यास करायच्या. वय पस्तिशीचं, बोलणं मोजकं, आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय.

"यंत्र मी देते," मावशी म्हणाल्या. "तुमच्या मुलींना पाजा आणि टिकली काय म्हणते ते बघा."

"मावशी, निकाल तुमच्या मनासारखा आला नाही तर?"

"प्रयोग आहे. जे येईल ते वहीत लिहायचं."

शिरीन हसल्या. त्यांनी क्लबच्या बारा मुली निवडल्या. तीन आठवडे एक पाणी, मग तीन आठवडे दुसरं. एक नीलोदक, दुसरं नळाचं, उकळून गार केलेलं आणि चव सारखी लागावी म्हणून किंचित क्षार घातलेलं. बाटल्यांवर फक्त क्रमांक. कोणत्या क्रमांकात काय आहे, याची चिठ्ठी बंद पाकिटात, क्लबच्या कचेरीतल्या कपाटात. हा बंदोबस्त मावशींच्याच सांगण्यावरून जास्त कडक झाला. शिरीननासुद्धा क्रमांक कळता कामा नयेत, असा त्यांनी हट्ट धरला.

"आमच्या प्रयोगशाळेत सर म्हणायचे, आता गुलाबी होईल," त्या म्हणाल्या, "की चाळीसच्या चाळीस पोरांना गुलाबी दिसायचं. मी बाटली बदलायची विसरलेली असले तरी!"

आणि उत्साहाच्या भरात त्यांनी स्वतःचा दंडही पुढे केला. "मलाही एक लावा. पाच वर्षं हेच पाणी पिणारं माणूस तुम्हाला दुसरं कुठे मिळणार?"

सहा आठवडे गेले. तोवर टिकल्यांचे आकडे कुणाच्याच फोनवर दाखवायचे नाहीत, थेट संगणकात साठवायचे, असं ठरलं होतं. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी मुली जमिनीवरच्या वल्हवायच्या यंत्रावर दोन हजार मीटर खेचत आणि मग एका प्रश्नाचं उत्तर देत: तुम्हाला काय वाटतं, तुम्ही कोणतं पाणी पीत होता? पहिल्या टप्प्यात अश्लेषाची वेळ नेहमीसारखीच आली. दुसऱ्या टप्प्यात ती चार सेकंदांनी सुधारली. घरी येऊन तिने मावशींना उचलून गोल फिरवलं.

"मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं," ती म्हणाली. "या वेळचं पाणी आपलंच. पाय भरूनच येत नाहीत गं!"

"खाली ठेव मला, चक्कर येते," मावशी म्हणाल्या. चक्कर त्यांना हल्ली तशीही यायची. घोट्यांवर सूज असायची, जेवणावरची वासना उडाली होती. पण कंपनीच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं, की शरीरातलं विष बाहेर पडताना असे त्रास होतात.

निकाल सांगायला शिरीननी त्यांना एकटीलाच बोलावलं. खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं. टेबलावर चहा होता. मावशी घरून स्वतःची बाटली घेऊन आल्या होत्या.

"मावशी, काहीच फरक नाही," शिरीन म्हणाल्या. "सामूत नाही, बायकार्बोनेटमध्ये नाही, वेळेतही नाही."

"असं कसं? पाणी साडेनऊ आहे. मी रोज तपासते."

"पाणी आहेच साडेनऊ. पण सामू म्हणजे अल्क किती तीव्र आहे तो आकडा, अल्क किती आहे ते नव्हे. समजा, एका तव्यावर मोहरीएवढा निखारा आहे. तो लालबुंद आहे, पण त्यावर भाकरी भाजेल का? तुमच्या लिटरभर पाण्यातला अल्क संपवायला पोटातलं दोन-चार चमचे आम्ल पुरतं. आणि पोट तर दिवसाला लिटर-दीड लिटर आम्ल तयार करतं."

मावशी सव्वीस वर्षं पिपेटने थेंब थेंब आम्ल टाकत आल्या होत्या. निखारा न सांगताच त्यांना हे कळायला हवं होतं.

"आणि रक्ताचं म्हणाल," शिरीन पुढे म्हणाल्या, "तर त्याचा सामू सात पूर्णांक चारच्या आसपास राहतो, मग तुम्ही लोणचं खा नाहीतर नीलोदक प्या. जास्तीचं आम्ल फुप्फुसं श्वासावाटे काढून टाकतात आणि उरलेलं मूत्रपिंडं लघवीवाटे. जोरात वल्हवताना स्नायूंत आम्ल साठतं, तेव्हा आकडा घसरतो, पण अर्ध्या-पाऊण तासात जागेवर येतो. बाहेरून काही ओतायची गरजच नसते."

"मग अशूचे चार सेकंद?"

शिरीननी पाकीट पुढे सरकवलं. चिठ्ठी उघडी होती. दुसऱ्या टप्प्यात अश्लेषा नळाचं पाणी प्यायली होती.

"गंमत पाहा. ज्या ज्या मुलींना आपण नीलोदक पितोय असं वाटलं, त्या सुधारल्या. मग बाटलीत काहीही असो. सुधारणा पाण्याने नाही झाली, वाटण्याने झाली."

मावशींनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "निवड चाचणी बारा दिवसांवर आहे. तोवर मुलींना हे सांगू नका. तिचं ते वाटणं तरी राहू द्या."

"मलाही तोच प्रश्न पडलाय. सांगायचं तर आहेच. चाचणी संपल्यावर सांगेन," शिरीन म्हणाल्या. "पण माझीही एक अट आहे. हा दुसरा कागद तुमचा आहे."

त्या कागदावर तेरा नावं होती. बारा मुलींपुढे हिरवी खूण, तेराव्यापुढे तांबडी. बायकार्बोनेट बावीसच्या वर हवं, ते सोळा होतं. विश्रांतीच्या वेळीही सामू खाली. तेरा जणांत एकाच माणसाचं रक्त खरोखर आंबट झालं होतं, आणि ते माणूस पाच वर्षं अल्कधर्मी पाणी पीत होतं.

"चालताना लंगडता. गुडघ्यासाठी काही घेता?" शिरीननी हळूच विचारलं.

"दुखणं थांबायच्या गोळ्या. सात-आठ वर्षं झाली. रोज नाही... म्हणजे रोजच."

"रक्तदाब?"

"कधी बघितलाच नाही."

"मावशी, उद्याच्या उद्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जायचं. ही अट."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि लपवाछपवी न करता सांगितलं, की मूत्रपिंडांचं तीन चतुर्थांश काम थांबलंय. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं सांभाळता येईल. दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद, नुकसान त्यांनीच केलंय; मीठ कमी, रक्तदाबाचं औषध. आणि रक्तातला आंबटपणा कमी करायला साध्या खायच्या सोड्याच्या गोळ्या, मोजून, दर महिन्याला तपासून. "दोन वर्षं आधी आला असतात तर बरं झालं असतं," ते म्हणाले. दोन वर्षांपूर्वीच घोटे सुजायला लागले होते.

मावशींनी घरी येऊन सोड्याच्या गोळ्यांची पट्टी हरभऱ्याच्या डब्यात लपवली. अश्लेषाला दोन्ही गोष्टी चाचणी झाल्यावर सांगायच्या, असं त्यांनी ठरवलं. सकाळी तिची बाटली त्या स्वतः नीलोदकने भरून देत. ती घोट घेऊन डोळे मिटे आणि म्हणे, "हं, आता जमेल." त्या वेळी मावशी भांडी घासायला वळत.

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी आधीच ठरलेलं एक प्रात्यक्षिक होतं, पाथर्डी फाट्याला, वैजयंती खैरनार नावाच्या बाईंकडे. मावशींना जायचं नव्हतं, पण शब्द दिलेला होता. यंत्र दाखवायचं, बढाई मारायची नाही, असं मनाशी म्हणत त्या गेल्या.

वैजयंतीताईंनी दारातच त्यांचे हात धरले. "मावशी, तुमच्या प्रात्यक्षिकाचा ग्रुपवर फिरणारा तो व्हिडिओ मी दहा वेळा पाहिला. आमच्या दादांसाठीच हवंय हो मला."

दादा म्हणजे त्यांचे सासरे. आतल्या खोलीत पलंगावर उशीला टेकून बसले होते. चेहरा फुगलेला, रंग मातकट. मावशींनी त्यांचे घोटे पाहिले. स्वतःच्या घोट्यांसारखेच सुजलेले.

"किडनीचं दुखणं आहे," वैजयंतीताई सांगत होत्या. "एवढ्या गोळ्या, अंगातली उष्णता वाढते त्यांनी. तुम्हीच म्हणालात ना व्हिडिओत, सगळ्या रोगांचं मूळ आंबटपणात. म्हणून मी ठरवलंय, आजपासून गोळ्या बंद आणि हेच पाणी, दिवसाला चार-चार लिटर."

ओट्यावर दोन पेले मांडलेले होते. शेजारच्या तीन-चार बायका स्टुलांवर बसल्या होत्या, एकीने फोन समोर धरला होता. मावशींनी दर्शकाची बाटली पिशवीतून काढली आणि हातातच धरून राहिल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "गोळ्या बंद करू नका."

"पण तुम्हीच तर..."

"मी म्हणाले होते. मला तसंच वाटत होतं. या पाण्याने रक्ताला काही होत नाही, ना चांगलं ना वाईट. आम्ही बारा मुलींवर तपासून पाहिलं. आणि दादांना चार लिटर पाणी तर अजिबात देऊ नका, त्यांच्या अंगात ते साठेल. किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा."

मग पलंगावरून दादांनीच विचारलं, "तुम्हाला एवढं कसं माहीत?"

मावशींनी पदर सरकवून दंडावरची टिकली दाखवली आणि फोन त्यांच्या हातात दिला. "कारण मीही तुमच्याच रांगेतली आहे, दादा. मला सहा दिवसांपूर्वी कळलं."

वैजयंतीताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत राग होता, की फसवलं गेल्याचं दुःख, ते मावशींना कळलं नाही. पण निघताना मावशींनी पाहिलं, की वैजयंतीताईंनी दादांच्या उशाशी असलेला औषधांचा डबा पुन्हा उघडला होता.

रस्त्यावर येताच त्यांच्या लक्षात आलं, की शेजारणीने समोर धरलेला फोन सगळा वेळ चित्रण करत होता. संध्याकाळपर्यंत ही बातमी बायकांच्या ग्रुपवर फिरेल आणि तिथून अश्लेषाला कळेल. त्यांनी रिक्षाला हात केला आणि थेट धरण गाठलं.

अश्लेषा सराव आटपून होडी पुसत होती.

"अशू, प्रयोगाच्या दुसऱ्या टप्प्यात तू प्यायलीस ते नीलोदक नव्हतं. नळाचं पाणी होतं."

अश्लेषाचा हात थांबला. "कोण म्हणतं?"

"शिरीनबाईंनी पाकीट उघडलं. मला सात दिवस माहितीये."

"आणि चाचणी कधी आहे, हे माहितीये ना तुला?"

"पाच दिवसांनी."

"मग सहा दिवसांनी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" तिचा आवाज चढला. "माझे चार सेकंद होते ते! खरे असोत नाहीतर खोटे, माझे होते. आता मी ते आणू कुठून?"

मावशींनी तिला दादांची गोष्ट सांगितली. "तिथे खरं बोलायचं आणि तुला बाटली भरून देत राहायचं, हे मला जमलं नसतं गं. आणि दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा..." मग उभ्या उभ्याच त्यांनी आपल्या आजाराचंही सांगून टाकलं.

अश्लेषाने त्यांच्या हातातून फोन हिसकावून आकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"तुझे पाय सुजलेत, असं मी दिवाळीपासून म्हणतेय," ती म्हणाली. "तर तू म्हणालीस, विष बाहेर पडतंय. आणि मी ऐकलं! मला वाटलं, तुला सगळं कळतं."

ती रडत नव्हती. फडकं होडीवर टाकून ती चालू लागली. दोन दिवस ती घरात जेवढ्यास तेवढं बोलली. पण पहिल्याच संध्याकाळी तिने हरभऱ्याचा डबा शोधून काढला आणि सोड्याच्या गोळ्यांची पट्टी ओट्यावर, डोळ्यांसमोर आणून ठेवली.

मावशी त्या दोन दिवसांत खरं सांगायला आणि यंत्रं परत घ्यायला आपल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे फिरल्या. कुणी दार लावून घेतलं. कुणी म्हणालं, आम्हाला तर फायदा झाला, तुम्ही काय म्हणता! सातपूरच्या एका आजोबांनी यंत्र परत द्यायला साफ नकार दिला. "पूर्वी दिवसाला दोन पेले पाणी प्यायचो," ते म्हणाले. "हे आल्यापासून आठ पितो. पोट साफ राहतं. राहू द्या तुमचं विज्ञान." आजोबांना फायदा खरंच झाला होता, फक्त तो पाण्याचा होता, यंत्राचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी अश्लेषा शिरीनकडे जाऊन बसली. आम्ल शोषणारं खरोखर काही असतं का, हे तिला हवं होतं. शिरीननी सांगितलं, की असतं. खायचा सोडा, वजनाच्या हिशोबाने पंधरा-अठरा ग्रॅम. एक ते दहा मिनिटांच्या शर्यतीत काहींना थोडा फायदा होतो आणि त्यावर बंदीही नाही. "पण पोटाला झेपेल की नाही, ते आधी सरावात बघ." अश्लेषाने त्यांच्या देखरेखीखाली सोडा घेतला, दीड तासाने होडी पाण्यात लोटली आणि हजार मीटरच्या खुणेपर्यंत पोचायच्या आतच काठाकडे वळवून झुडपांमागे धाव घेतली.

घरी आली ती पोट धरून. "मावशी, तू हे रोज खातेस?"

"मी दोन गोळ्या खाते गं. तू डबाच संपवलास!"

अश्लेषा हसायला लागली. मग मावशीही. बऱ्याच दिवसांनी दोघी एका ताटाशी बसल्या. मावशींसाठी बिनमिठाची भाजी वेगळी काढलेली होती, ती अश्लेषाने चाखून पाहिली आणि तोंड वाकडं करून पुढचे चार घास त्याच भाजीचे खाल्ले.

चाचणीच्या सकाळी धरणावर गार वारा होता. काठावर मोठा फलक लावला होता. टिकली आल्यापासून शर्यतीत ही नवी चाल पडली होती. होडी कुठे आहे ते तर दिसेच, पण प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या रक्ताचा सामूही क्षणोक्षणी बदलत जाई. लोकांना त्याचीच जास्त चटक लागली होती. सहा होड्या, सहा आकडे. अश्लेषाने सकाळी उठून माठातलं पाणी बाटलीत भरून घेतलं होतं.

पाचशे मीटरला सगळ्या सात पूर्णांक तीनच्या आसपास. हजाराला सात दोन. अश्लेषा चौथी. मावशी काठाच्या दगडावर उभ्या होत्या. शिरीन शेजारी होत्या.

"घसरतोय," मावशी पुटपुटल्या. तिचा आकडा सात एक झाला, मग सात शून्य पाच. इतकी वर्षं त्या लोकांना सांगत आल्या होत्या, की आम्ल म्हणजे वैरी. आता फलकावर पाहत असताना त्यांना दिसलं, की पुढच्या तिघींचे आकडे मागच्या तिघींपेक्षा खाली होते. जी जास्त जोर लावत होती, तिचंच रक्त जास्त आंबत होतं.

शेवटच्या तीनशे मीटरला अश्लेषा तिसऱ्या होडीला भिडली. सहा नव्याण्णव. वल्ही पाण्यात पडत होती, उठत होती. सहा सत्त्याण्णव. ती तिसरी झाली. दुसरी होडी समोर होती, हाताच्या अंतरावर वाटावी अशी. मावशींनी फलकाकडे बघायचं सोडून दिलं आणि नाव घेऊन ओरडायला लागल्या.

भोंगा वाजला. पहिली, दुसरी, मग अश्लेषा. दुसऱ्या होडीत आणि तिच्यात दीड सेकंदाचं अंतर राहिलं होतं. निवड दोघींचीच होती.

ती काठाला आली तेव्हा तिला उभं राहता येत नव्हतं. शिरीन आणि मावशी दोघींनी धरून तिला फळीवर बसवलं. ती ओकली, तोंड पुसलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "किती गेला?"

"सहा पंच्याण्णव," शिरीन म्हणाल्या.

"सरावात?"

"सात शून्य चारच्या खाली तू कधीच गेली नव्हतीस. त्या चार सेकंदांच्या दिवशीसुद्धा नाही."

"आणि पहिली आलेलीचा?"

"सहा अठ्ठ्याण्णव."

अश्लेषा धापा टाकत त्या आकड्यांचा विचार करत राहिली. मावशींना वाटलं, आता ही रडेल. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण अश्लेषाचं डोकं दुसरीकडेच चाललं होतं.

"म्हणजे जोर कमी पडला नाही माझा," ती सावकाश म्हणाली. "तिच्यापेक्षा जास्तच लावला. मग मी मागे राहिले ती हातामुळे. वल्हं उशिरा उचलते मी. सर दोन वर्षं घसा फोडून सांगतायत, आणि मी आपली पाण्यावर भिस्त ठेवून बसले."

तिचे प्रशिक्षक टॉवेल घेऊन आले. तिने तो खांद्यांवर ओढून घेतला.

"सर, आता वल्हं उचलण्यापासून परत शिकवा मला. अगदी पहिल्यापासून."

"सोमवारी सहाला ये."

"सोमवारी नको," अश्लेषा म्हणाली आणि आधारासाठी मावशींचा हात धरून उठली. "सोमवारी मावशीचं रक्त तपासायला न्यायचंय. मंगळवारपासून येते."